मामांची नर्सरी आणि गुगलची जाहिरात

रावेर तालुक्यात मोबाईल उघडून केळीबद्दल काही शोधणारा माणूस बहुतेक वेळा भाव बघत असतो. आज रावेरला काय निघाला, शेजारच्या मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला काय निघाला, दोन्हींत फरक किती. रोपं विकणाऱ्याच्या दृष्टीने तो त्या क्षणी गिऱ्हाईक नसतो, पण ‘केळी’ हा शब्द त्यानेही टाइप केलेला असतो. त्याचं बोट जाहिरातीवर पडलं की जाहिरात देणाऱ्याचे पैसे कापले जातातच. माझ्या मामांच्या टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत तयार केलेल्या) केळी रोपांच्या नर्सरीची गुगलवरची जाहिरात मी हातात घेतली, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा या भाव बघणाऱ्यांवर चालला होता.

मी जळगावात अकाउंट्सचं काम करते, जाहिरातीचं शिक्षण काही घेतलेलं नाही. आधी हे काम एका एजन्सीकडे होतं. दर महिन्याला त्यांची रंगीत पीडीएफ यायची. इंप्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली ते) वाढली, क्लिक वाढले, क्लिकचा दर उतरला, सगळे बाण हिरवे. मामा ती पीडीएफ शेवटपर्यंत सरकवायचे आणि विचारायचे, “रोपं किती गेली ते कुठल्या पानावर आहे?” ते कुठल्याच पानावर नसायचं. अकाउंट मामांच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं होतं, एवढं एक बरं. ज्यांचं अकाउंट एजन्सीच्या नावावर असतं, त्यांना एजन्सी सोडताना जुना सगळा हिशेब मागे ठेवून यावं लागतं. कोणाला काम देणार असाल तर हे आधी बघा.

कॅम्पेन ‘स्मार्ट’ प्रकारातलं होतं. त्यात नेमके कीवर्ड, म्हणजे कोणत्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते, निवडता येत नाहीत, फक्त विषय सांगायचे आणि बाकी गुगलवर सोडायचं. ज्याला दिवसभर दुकान सांभाळायचंय त्याच्यासाठी ते ठीक आहे. मला आत बघायचं होतं, म्हणून एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन साधं सर्च कॅम्पेन नव्याने बांधलं. नवीन कॅम्पेन करताना काही खुणा आधीच टिक केलेल्या असतात. सर्च पार्टनर आणि डिस्प्ले नेटवर्क, म्हणजे गुगलबाहेरच्या शोधांत आणि इतर साइट-ॲपवर जाहिरात दाखवणाऱ्या, या दोन मी काढल्या. ठिकाणाच्या पर्यायात मुळात ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असं असतं. म्हणजे पुण्यात बसून रावेरच्या केळीबद्दल वाचणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. ते बदलून ‘तिथे असलेले’ एवढंच ठेवलं आणि रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हे तालुके घेतले, शिवाय धुळे जिल्ह्यातलं शिरपूर आणि नंदुरबारकडचं शहादा. या दोन सेटिंगना कुठलंही विकतचं टूल लागत नाही, आणि फरक मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतो.

खरं काम सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये आहे. आपण लिहितो तो कीवर्ड आणि लोक टाइप करतात ती सर्च टर्म. दोन्हींत किती अंतर असतं ते या रिपोर्टमध्ये उघडं पडतं. आमच्याकडे त्यात काय नव्हतं! केळी भाव आज, केळीचे वेफर्स कसे करायचे, केळी खाल्ल्याने वजन वाढतं का, करप्यावर कोणतं औषध, केळीच्या पानांचा ठोक व्यापार, केळी पीक विमा यादी. सप्टेंबर २०२० पासून गुगल या रिपोर्टमध्ये फार कमी लोकांनी शोधलेल्या टर्म्स दाखवत नाही, त्यामुळे खर्चाचा काही भाग कायम झाकलेलाच राहतो. दिसतं तेवढ्यावर काम करायचं.

नको असलेले शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकायचे, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसत नाही, हे कोणीही सांगेल. त्यातली मेख अशी की साधा कीवर्ड जवळच्या अर्थाच्या शब्दांनाही पकडतो, निगेटिव्ह मात्र पकडत नाही. ‘भाव’ बंद केला म्हणून ‘बाजारभाव’, ‘रेट’ किंवा ‘दर’ बंद होत नाही. प्रत्येक वेगळा लिहावा लागतो. वर आपले लोक मराठी देवनागरीत लिहितात, रोमनमध्ये लिहितात, आणि रोमनमध्ये लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. बऱ्हाणपूरकडचे हिंदीत लिहितात, तिथे ‘मंडी भाव’ येतो. एका निगेटिव्ह यादीत ५,००० शब्द बसतात, तेव्हा जागेची चिंता नाही, चिंता कंटाळ्याची.

इथे मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एन-ग्रॅम नावाचं प्रकरण. नाव भारदस्त असलं तरी काम सोपं आहे. सगळ्या सर्च टर्म्स घ्यायच्या, त्यांचे सुटे शब्द करायचे आणि प्रत्येक शब्दावर एकूण किती खर्च झाला याची बेरीज मारायची. ‘आज केळी भाव रावेर’ या एका टर्मवर पाच-दहा रुपये गेलेले असतात म्हणून नजरेत येत नाही. पण ‘आज’ हा शब्द असलेल्या सगळ्या टर्म्सची बेरीज केली की आकडा डोळ्यांत भरतो. ‘आज’ लिहिणारा रोप घ्यायला आलेला नाही, हे मला त्या बेरजेने शिकवलं, म्हणून ‘आज’ थेट निगेटिव्हमध्ये गेला. ही बेरीज विकतची टूल्स एका बटणावर करून देतात. गुगल ॲड्समध्येच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवता येतात, आणि एन-ग्रॅमची तयार स्क्रिप्ट इंटरनेटवर फुकट मिळते. मी ती चिकटवली. निकाल गुगल शीटमध्ये येतो आणि शीट हा तर माझा घरचा प्रांत.

सगळेच परके शब्द मात्र टाकाऊ नव्हते. ‘सीएमव्ही’ घ्या. कुकुंबर मोझॅक व्हायरस, केळीवरचा विषाणूरोग. पावसाळ्यात लागण झाली की शेतकरी रोगट झाडं उपटून टाकतो, आणि मोबाईलवर लक्षणं, फोटो, उपाय शोधत बसतो. कुठलंही टूल या टर्म्सना ‘माहिती शोधणारे, खरेदीचा हेतू नाही’ अशा खान्यात टाकेल. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, “अगं, उपटली ना झाडं? मग नांग्या भरायला रोपं कुठून आणेल तो?” नांग्या भरायच्या म्हणजे गेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागी नवी रोपं लावायची. म्हणून सीएमव्हीचा वेगळा ॲड ग्रुप, म्हणजे कीवर्ड आणि त्यांच्या जाहिरातींचा गट, केला. त्यातल्या जाहिरातीत औषधाचा शब्दही नाही, नांग्या भरण्यासाठी थोडीही रोपं मिळतील एवढंच लिहिलं. हा ग्रुप आजही चालू आहे.

कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते सांगणारा गुगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, पण अकाउंटवर खर्च थोडा असेल तर तो नेमका आकडा देत नाही, ‘१०० ते १ हजार’ अशी ऐसपैस रेंज दाखवतो. आमच्या विषयातले बरेच शब्द ‘१० ते १००’मध्येच. त्याचा एक फायदा झाला. एकच वस्तू लोक किती नावांनी शोधतात हे कळलं. जळगावच्या जैन इरिगेशन कंपनीमुळे ग्रँड नैन हे केळीचं वाण इथे पोरासोरांनाही माहीत आहे, पण टाइप करताना कोणी ग्रँड नैन लिहीत नाही, ‘जी ९’ लिहितात. आमच्या जुन्या जाहिरातीत ‘जी ९’ कुठेच नव्हतं.

जाहिरात लिहिण्याचा भाग मला आवडला आणि त्यानेच सर्वांत छळलं. रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरातीत १५ पर्यंत हेडलाइन आणि ४ वर्णनं देता येतात. हेडलाइनला ३० कॅरेक्टर, वर्णनाला ९०. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘टिश्यू कल्चर केळी रोपे’ यात डोळ्यांना नऊ अक्षरं दिसतात, मोजणीत स्पेस धरून २२ भरतात. म्हणजे ‘रावेर’ जोडायला जेमतेम जागा उरते. टूल्सकडून तयार हेडलाइन मागवून पाहिल्या. इंग्रजीत बऱ्या येतात. मराठीत ‘आजच आपली केळी वनस्पती मिळवा’ असलं काहीतरी येतं. मामांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, हे कोणी मुंबईच्या गॅलरीत कुंडी ठेवणाऱ्याने लिहिलंय. शेवटी नर्सरीत फोन घेणारा मॅनेजर रोज जे बोलतो तेच उतरवलं: ‘मृगबागेची बुकिंग सुरू’ (मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी), ‘शेडनेटमधली तयार रोपं’, ‘रोपं बघा मग ठरवा’.

बदल मी गुगल ॲड्स एडिटरमध्ये करते. हे संगणकावर टाकायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. अकाउंट उतरवून घ्यायचं, नेट नसतानाही शेकडो कीवर्ड शीटमधून चिकटवायचे, तपासायचे, मग एकदम चढवायचे. सावद्याला मामांकडे गेले की वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, तिथे हे फार कामी येतं. ब्राउझरमध्ये एकेक कीवर्ड बदलणाऱ्यांची मला खरंच कीव येते.

विकतच्या टूल्सकडेही वळले. या क्षेत्रात ऑप्टमायझर नावाचं टूल प्रसिद्ध आहे. पूर्वी गुगलमध्ये ॲडवर्ड्सचं (गुगल ॲड्सचं जुनं नाव) काम केलेले फ्रेडरिक वॅलेज हे त्याचे एक संस्थापक, २०१३ सालची सुरुवात. अकाउंटला गुण देणारा वर्डस्ट्रीमचा फुकट ग्रेडरही पुष्कळ जण वापरतात. मी वेगळंच एक टूल चाचणीपुरतं जोडून पाहिलं, त्याचं नाव घेत नाही. बरीच कामं ते छान करायचं. खर्च अचानक वाढला तर मेल, दोन ॲड ग्रुप एकाच टर्मसाठी भांडत असतील तर इशारा, पान उघडत नसेल तर जाहिरात थांबवणं. पण त्याचे सल्ले मागच्या ३० दिवसांच्या आकड्यांवर उभे असायचे. मार्चमध्ये त्याने सुचवलं की कांदेबागेचे कीवर्ड बंद करा, त्यांतून काही येत नाही. मार्चमध्ये कसं येईल? कांदेबाग ही केळीचीच, पण तिची लागवड ऑक्टोबरच्या आसपास, बुकिंग त्याआधी. रोप शेडनेटमध्ये दीड-दोन महिने कणखर व्हावं लागतं, म्हणून शेतकरी आधीच सांगून ठेवतो. गुगलच्या बोली (एका क्लिकला किती मोजायचे ते) लावण्याच्या व्यवस्थेतही हंगामासाठी एक सोय आहे, पण ती एक ते सात दिवसांच्या सेलसारख्या प्रसंगासाठी. आमचा हंगाम महिन्यांत मोजतात.

आणि किंमत डॉलरमध्ये. लहान अकाउंटसाठी ते चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यातही एक बाब अकाउंटवालीला लगेच दिसते. गुगलच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्यांच्या मालावर जीएसटी असतो त्या धंद्यांत त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो भरायच्या करातून वजा होतो. रोपं जीएसटीमुक्त आहेत, त्यामुळे नर्सरीला ते क्रेडिट मिळत नाही. बजेट ठरवताना हे १८ टक्के खर्चातच धरावे लागतात. कुठल्याच टूलच्या ‘एका ग्राहकामागे खर्च’ या खान्यात ते धरलेले नसतात.

गुगल स्वतः अकाउंटला शून्य ते शंभरमधला ऑप्टिमायझेशन स्कोअर देतं. आमचा कमी होता म्हणून मामा अस्वस्थ. बाजूला सल्ल्यांची रांग: बजेट वाढवा, ब्रॉड मॅच करा (म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांवरही दाखवा). यातला एखादा सल्ला नाकारला तरी स्कोअर वाढतो, हे फार लोकांना माहीत नसतं. मी पटापट नाकारले, आकडा चढला, मामा खूश. सल्ले आपोआप लागू होण्याची सोयही असते, ती बंद आहे ना हे तपासून घ्या.

मामांची दुसरी सवय मोडायला जास्त वेळ लागला. रोज सकाळी चहा झाला की ते गुगलवर स्वतःची जाहिरात शोधायचे आणि दिसली की दाबून बघायचे. “जाहिरात माझी, पैसे माझे, मग मी बघायची नाही?” गुगल असे संशयास्पद क्लिक बऱ्याच अंशी ओळखून वजा करतं, पण त्यावर विसंबण्यापेक्षा ॲड प्रिव्ह्यू टूल दाखवणं सोपं. त्यात ठिकाण, भाषा, मोबाईल निवडून जाहिरात दिसते का ते बघता येतं, पैसे लागत नाहीत, आकडे बिघडत नाहीत. शेजारचा नर्सरीवाला मुद्दाम क्लिक मारतो ही शंकाही होतीच. क्लिक रोखणारी टूल्स अशा वेळी आयपी पत्ता ब्लॉक करतात. मोबाईल नेटवर एकच पत्ता कितीतरी लोक वाटून वापरतात आणि तो बदलत राहतो. एका क्लिकवाल्याला अडवताना त्याच टॉवरखालचं चांगलं गिऱ्हाईक अडेल. ते टूल मी घेतलंच नाही.

सर्वांत वेळखाऊ काम डायरीचं. नर्सरीचा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ठरतो, ॲडव्हान्स आला की मॅनेजर डायरीत लिहितो. गुगलला आणि सगळ्या टूल्सना फक्त नर्सरीच्या पानावरचं व्हॉट्सॲपचं बटण दाबलेलं कळतं. मग ते त्यालाच यश समजतात आणि बटण दाबणारे आणखी शोधून आणतात, त्यांत नुसती किंमत विचारून गप्प बसणारेही आले.

ही फट अशी बुजवली. जाहिरातीवरून येणाऱ्याच्या लिंकला जीसीएलआयडी नावाची लांबलचक खूण चिकटलेली असते. माझ्या मावसभावाने नर्सरीच्या वेबपानावर एक छोटा कोड बसवला. तो ती खूण गुगल शीटमध्ये साठवतो आणि तिला एक सोपा चौकशी क्रमांक देतो. व्हॉट्सॲपचं बटण दाबलं की मेसेजमध्ये तोच क्रमांक आधीच लिहिलेला येतो. बुकिंग झालं की मॅनेजर डायरीत लिहितो ते लिहितोच, शिवाय शीटमध्ये त्या क्रमांकासमोर तारीख आणि रोपांची संख्या टाकतो. गुगल ॲड्स ती शीट रोज ठरल्या वेळी उचलतं आणि कुठल्या क्लिकमधून बुकिंग आलं ते जुळवतं. क्लिक होऊन ९० दिवसांच्या आत नोंद व्हावी लागते. वेळेसोबत भारतीय टाइम झोन सांगावा लागतो, नाहीतर तास पुढेमागे होतात. मॅनेजरला हे दुप्पट लिखाण मुळीच पसंत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही कुरकुरले असते.

थेट फोन करणारे यातून सुटतात. रस्त्यावरचा बोर्ड बघून येणारेही असतातच. तरीही जे जुळलं त्याने चित्र पालटलं. ‘केळी रोप किंमत’ या कीवर्डवर मेसेजचा पाऊस आणि बुकिंग नगण्य. ‘जी ९ रोपे बुकिंग’वर मेसेज मोजके, पण त्यातले बरेचसे पक्के. आणि रोपांची संख्या लिहिल्यामुळे तिसरी गोष्ट दिसली. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे १,७४२ रोपं लागतात. दोन एकरवाल्याचं एक बुकिंग आणि नांग्यांसाठी पन्नास रोपं नेणाऱ्याचं एक बुकिंग, गुगलच्या मोजणीत दोन्ही एकेकच. आता मी कन्व्हर्जनसोबत, म्हणजे बुकिंगच्या नोंदीसोबत, किंमतही पाठवते. नांग्यांचा ग्रुप किमतीत कमी भरतो. तो बंद करायचा का, यावर मामांशी वाद झाला आणि ते जिंकले. नांग्या नेलेला शेतकरी पुढची बाग लावताना परत येतो, आणि तेव्हा तो गुगलवर शोधत नाही, थेट फोन करतो. शीटमध्ये ते कधीच दिसणार नाही.

बोली अजून मी साधीच आणि आवरून ठेवली आहे. क्लिक जास्तीत जास्त आणि एका क्लिकला कमाल मर्यादा. कन्व्हर्जन बघून आपोआप बोली नीट लावायला गुगलला ती पुरेशी लागतात, आमची महिन्याला तेवढी होत नाहीत. रोजच्या बजेटबद्दल एक सांगून ठेवते, एखाद्या दिवशी गुगल त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं. महिन्याची बेरीज मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही. मामांनी दुप्पट खर्चाचा दिवस पाहिला तेव्हा मला रात्री अकराला फोन आला होता.

टूल्सपैकी आता एडिटर, एन-ग्रॅमची स्क्रिप्ट, शीट आणि मामांसाठी लुकर स्टुडिओ या गुगलच्या आकडे मांडून दाखवणाऱ्या टूलमधलं एक पान एवढंच उरलंय. त्या पानावर खर्च, चौकशा, बुकिंग आणि रोपं, चारच आकडे.

कांदेबागेसाठी या वेळी बऱ्हाणपूर बाजू जोडतेय, वेगळं कॅम्पेन, हिंदीत. ‘केला पौधा’, ‘टिश्यू कल्चर केला’, आणि भावाचे हिंदी निगेटिव्ह सुरुवातीपासून. जाहिरात बऱ्हाणपूरच्या मावशींकडून तपासून घेतली, त्यांनी ‘पौधे’चं ‘पौध’ केलं. मामांचा आक्षेप वेगळाच आहे. तिकडे गाडी पाठवायची तर हजाराच्या खाली रोपं परवडत नाहीत. ते त्यांना हेडलाइनमध्येच हवंय. ३० कॅरेक्टरांत बसवणं चालू आहे.